एक्सला लावलेली तीट

त्या आठवड्यात आमच्या दुबईतल्या करामाच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. कुकरच्या शिट्ट्या सोडल्या तर आवाज एवढाच, की खिडकीतल्या एसीचं पाणी खालच्या बादलीत ठिबकत होतं आणि जिन्यात लिफ्टचं लोखंडी दार आपटत होतं. ते दार संध्याकाळी सहानंतर आपटलं की इरा पेन्सिल घट्ट धरायची. दादा घरात आला की आधी बूट काढायचा, हात धुवायचा आणि मग जेवणाच्या टेबलाकडे बघायचा. टेबलावर इराची पुस्तकं मांडलेली असायची. त्या बघण्याची मला भीती वाटायची. मी ओट्यापाशी पोळ्या लाटत असले तरी पाठीला कळायचं, की आता तो तिकडे बघतोय.

इरा म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी, माझी भाची. तेव्हा बारा वर्षांची होती, सातवीत. बाकी सगळ्या विषयांत पास झाली आणि गणितात राहिली. शाळेनं पुढच्या शनिवारी पुन्हा परीक्षा ठेवली होती, तिला सगळे रीटेस्ट म्हणायचे. निकालाचा कागद हातात धरून दादा म्हणाला होता, "रीटेस्टला पास झाली तर ठीक. नाही तर खलास. सांगलीला होस्टेलात टाकतो. इथं राहून नुसतं इंग्लिश फाडायला शिकलीय." वहिनी म्हणाली, "अहो, एका विषयासाठी—" तेवढ्यावर दादानं कागद टेबलावर आपटला आणि ते वाक्य तिथंच राहिलं.

वहिनी एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला होती. तिला नोकरी लागली आणि इराकडे बघायला घरात कुणी नाही, म्हणून मला गावाहून बोलावून घेतलं होतं. माझा व्हिसाच मुळी इराला सांभाळणारी म्हणून होता. त्या दिवशी वहिनी स्वयंपाकघरात आली, नळ उगीच मोठा सोडला आणि हळू आवाजात म्हणाली, "मंगल, तुला आधीच सांगून ठेवते, मागाहून म्हणशील सांगितलं नाही. इरा गेली तर तुला इथं कशाच्या जोरावर ठेवायचं? दादांनी आईंना कळवलंय. मग त्या इचलकरंजीच्या माणसाला होय म्हणायचं." त्या माणसाचा फोटो मी बघितला होता. चाळिशीचा, बायको वारलेली, दोन मुलं, त्यातली मुलगी इराहून दोन वर्षांनी मोठी. फोटोत तो स्कूटरच्या सीटवर हात ठेवून उभा होता, बाजारात म्हैस विकायला आणल्यासारखा. माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण मी बावीस वर्षांची होते, आणि त्याच्या घरात मला पुन्हा कुणाचं तरी मूलच सांभाळायचं होतं.

पुन्हा असं का म्हणते ते सांगते. इरा जन्मली तेव्हा मी दहा वर्षांची होते, नुकतीच चौथी पास झालेली. बाळंतपणानंतर वहिनी अंथरुणाला खिळली. दादा दुबईला. आई एकटी, घर आणि दोन म्हशी. मास्तर घरी आले तेव्हा आई म्हणाली, "यंदाचं वरीस राहू द्या, पुढच्या साली घालते पाचवीत." मी पाळण्याची दोरी हातात घेतली. पुढचं साल काही आलं नाही. बारशाला आत्या म्हणून इराचं नाव मीच तिच्या कानात सांगितलं होतं. पाळण्यात वाकून कुर्रर्र केलं आणि बायकांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले. दहा वर्षांच्या पाठीला ते चांगलेच लागले होते. आईनं इराच्या गालावर काजळाची तीट लावली, दृष्ट लागू नये म्हणून. मलाही हवी होती. आई म्हणाली, "तुला गं कोण बघतंय?"

तर रीटेस्टला पाच दिवस होते. इरा टेबलापाशी बसायची आणि पुस्तकाकडे बघत राहायची. पुस्तक सगळं इंग्रजीत. मी दुपारी कणीक मळायला परात टेबलावरच घ्यायचे, म्हणजे तिच्याजवळ बसता यावं. एक दिवस तिच्या डोळ्यांतून पाणी वहीवर पडलं तेव्हा मी म्हटलं, "मला वाचून दाखव की, काय आहे ते." ती म्हणाली, "आत्या, यू वोंट गेट इट. अल्जिब्रा आहे." मी म्हटलं, "मला नाही कळलं तर नाही कळलं. तू सांग तर. मला सांगता आलं म्हणजे तुला आलं."

मग ती वाचायची आणि मोडक्यातोडक्या मराठीत सांगायची. तिला मराठी शब्द सापडायचे नाहीत, मला इंग्रजी कळायचं नाही, त्यामुळे आम्हाला दोघींनाही खूप विचार करून बोलावं लागायचं. त्याचा फायदा झाला असं आता वाटतं. धड्याचं नाव होतं मोनोमियल. त्याला मराठीत एकपदी म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. एक आकडा, त्याला चिकटून एखादं अक्षर, किंवा दोन अक्षरं, मध्ये अधिक नाही, उणे नाही. तीन एक्स वाय असं लिहिलं असेल तर तीन गुणिले एक्स गुणिले वाय. गुणिलेची खूण गिळून टाकलेली. मी विचारलं, "पण एक्स म्हणजे किती?" ती चिडली. "दॅट्स द पॉइंट, आत्या! माहीत नसतं. मग ते देतात. एक्स इज इक्वल टू सिक्स, असं. मग घालायचं."

मी कणीक मळता मळता म्हटलं, "म्हणजे बारसं व्हायच्या आधीचं बाळ." तिनं मान वर केली. "बाराव्या दिवसापर्यंत तू नुसती बाळ होतीस. कुठलंही नाव आलं असतं. मग मी इरा म्हटलं आणि तू इरा झालीस. तसं एक्सचं बारसं झालं, नाव सहा ठेवलं. आता त्या गणितात जिथं जिथं एक्स दिसेल तिथं सहा म्हणायचं." ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. "आणि वायचं वेगळं बारसं?" "वेगळं. दोघांची नावं अदलाबदल करायची नाहीत." त्या दिवशी तिनं आठ गणितं सोडवली आणि आठही पुस्तकाच्या मागच्या उत्तरांशी जुळली.

दुसऱ्या दिवशी अडलं. गणित होतं 2x², आणि एक्सची किंमत सहा. एक्सच्या उजव्या खांद्यावर लहानसा दोन लिहिलेला. म्हणजे तो आकडा त्याच आकड्यानं गुणायचा, इरानं सांगितलं. पाढे मला तिसापर्यंत येत होते, अजून येतात. मी परातीतल्या पिठात बोटानं लिहिलं: बे सक बारा, बारा बारे एकशे चव्वेचाळीस. इरानंही वहीत तेच लिहिलं. मागे उत्तर बहात्तर. आम्ही पुन्हा केलं, पुन्हा एकशे चव्वेचाळीस. इरा म्हणाली, "बुक इज राँग." मलाही तसंच वाटलं, कारण पाढे कधी चुकत नाहीत. पण पुढचं गणितही चुकलं, त्याच्या पुढचंही. एक पुस्तक एवढ्या ठिकाणी कसं चुकेल? तिनं वही ढकलली आणि म्हणाली, "आय विल फेल, आत्या. आय नो. तू पॅकिंग कर." मी परात उचलून आत नेली.

दोन दिवस माझ्या डोक्यात तो लहानसा दोन होता. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. पाढ्यांची सवय अशी, की डावीकडून दिसलं की जीभ पुढे धावते. बे सक म्हटलं की बारा आपोआप येतात, आणि बारा आले की बारा बारे. जिभेला कुणी थांबवायचं? गुरुवारी दुपारी मी डाळ धुवत होते. दार उघडं होतं आणि समोरच्या केरळी बाई त्यांच्या तान्ह्याला कडेवर घेऊन लिफ्टची वाट बघत उभ्या होत्या. त्यांच्यातही तीट लावतात. बाळाच्या गालावर भलामोठा काळा ठिपका. शेजारी त्यांची मोठी मुलगी उभी होती, तिच्या गालावर काही नव्हतं. मी डाळीचा हात तसाच घेऊन इराकडे धावले. "इरा, तो वरचा दोन कुणाच्या खांद्यावर आहे? एक्सच्या ना? मग दोनाला कशाला लावतेस? तीट ज्याला लावली त्याचीच. शेजारी उभा असेल त्याची नाही. आधी सहा सक छत्तीस. मग त्याचे दोन." ती वहीकडे बघत राहिली. "बहात्तर," ती म्हणाली, चक्क मराठीत. मग पुस्तकाची पानं उलटून तिनं दुसरं गणित दाखवलं. "आणि इथं? इथं टू आणि एक्स ब्रॅकेटमध्ये आहेत, आणि दोन ब्रॅकेटच्या बाहेर वर." मी त्या दोन वाकड्या रेघांकडे बघितलं. दोन्ही बाजूंनी आत वळलेल्या. "तो पाळणा," मी म्हटलं. "पाळण्यात दोघं असतील तर तीट दोघांना." मागे उत्तर एकशे चव्वेचाळीस होतं.

तेव्हा दुबईत शुक्रवारी सुट्टी असायची. रीटेस्टच्या आदल्या दिवशीचा शुक्रवार. मी सुरमई तळली होती, सोलकढी केली होती, भात. दादाला सुरमई फार आवडायची आणि मला वाटलं होतं की जेवून तो झोपेल. बाहेर धूळ उडत होती, खिडक्या बंद, त्यामुळे माशाचा वास घरातच कोंडला होता. दादा रास अल खोरला एका गोडाऊनात सुपरवायझर होता. जेवताना तो नेहमीप्रमाणे कामाचं बोलत होता. नवीन हेल्परनं पेट्यांचा सहा बाय सहाचा थर लावायचा सोडून भलताच काही लावला, त्याखालचा लाकडी पॅलेट हलला, मग यल्ला यल्ला, चला चला करत सगळं उतरवावं लागलं. आम्ही सगळ्या हो हो म्हणत होतो. हात धुऊन आला आणि झोपायला न जाता खुर्ची ओढून इरासमोर बसला. "काढ वही."

मी भांडी सिंकमध्ये ठेवली, पण नळ सोडला नाही. ऐकू यावं म्हणून. दादानं पुस्तक चाळून स्वतःच्या हातानं कागदावर गणित लिहिलं. तेच. दोन, एक्स, वर लहानसा दोन, एक्सची किंमत सहा. इरानं लिहिलं. "किती?"

"सेव्हंटी टू."

"कसं?" इरानं माझ्याकडे बघितलं. "बे सक किती?"

"ट्वेल्व्ह."

"बाराचा वर्ग?"

"वन फोर्टी फोर. पण बाबा, आत्यानं..." ती थांबली.

"आत्यानं काय?"

"नथिंग."

दादा स्वयंपाकघराकडे वळला. "वा! चौथी पास मास्तरीण ठेवलीय घरात, मला पत्ताच नाही. मग सकाळी शाळेची बस कशाला बोलवायची? आत्याच शिकवेल की मॅट्रिकपर्यंत." मग इराकडे, "खोड ते. डिप्लोमा केलाय मी. खोड आणि नीट लिही."

इरानं खोडरबर उचलला. मला ओट्यापासून कागद दिसत होता. बहात्तरातला सात गेला, दोन अर्धा गेला. तेव्हा मला कळलं, की ती उद्या पेपरातही हेच खोडणार. तिथं मी नसेन, पण दादा असेल, तिच्या डोक्यात. आणि शनिवारी संध्याकाळी माझी बॅग भरलेली असेल. मी दादाला कधी उलट बोलले नव्हते. वडील गेल्यावर घर त्यानंच धरलं होतं, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा, त्याच्यासमोर मी बसतसुद्धा नसे. मी ओट्याची कड धरली. आजही कुणाला काही सांगायचं असलं, दुकानदाराला सुटे कमी दिले असं जरी म्हणायचं असलं, तरी आधी हात धरायला काहीतरी शोधतो.

"दादा," मी म्हटलं.

"काय?"

"तुझ्या गोडाऊनात... सहा बाय सहाचा थर. एका पॅलेटवर तसा एकच थर आहे. असे दोन पॅलेट आले. किती पेट्या उतरवशील?"

"बहात्तर," दादा म्हणाला. गेटवर ड्रायव्हरला सांगतो तसं, विचार न करता.

एसीचं पाणी बादलीत पडत होतं. वहिनीनं पदर तोंडाला लावला. खोकतेय असं तिला दाखवायचं होतं, पण ती हसत होती. "घ्या," ती म्हणाली, "आपल्याच गोडाऊनात सापडलात."

"ते वेगळं," दादा म्हणाला.

"वेगळं कसं?" हे इरानं विचारलं. तिच्या हातात खोडरबर तसाच होता. "टू पॅलेट्स. एक्स बाय एक्स. सेम थिंग, बाबा. बारा बाय बाराचा थर आहे का तुमच्याकडे?"

दादानं पुस्तक ओढून घेतलं आणि अंगठ्यानं मागची पानं काढली. उत्तर सापडल्यावर बराच वेळ अंगठा तिथंच ठेवला. मग उठून खिडकीपाशी गेला. बाहेर धुळीशिवाय काही दिसत नव्हतं, तरी बघत होता. मी मनात म्हणत होते, आता वळेल आणि म्हणेल, तुला कुणी विचारलं होतं? माझे हात माशाच्या तेलानं माखलेले होते आणि मला ते कुठं ठेवावे कळत नव्हतं.

तो परत येऊन बसला. माझ्याकडे बघितलं नाही. पुस्तकातलं नवीन गणित कागदावर लिहिलं. "बरं. एक्सची किंमत उणे तीन असेल तर? एक्सचा वर्ग किती?" प्रश्न इराला होता की मला, कळेना. एवढं मात्र कळलं, की दादालाही ते पक्कं आठवत नव्हतं. मला तर मुळीच येत नव्हतं. उणे बाळ कसं असतं? "मला नाही माहीत, दादा," मी म्हटलं, आणि माझा सगळा जीव गेला.

"आत्या, सोपंय," इरा म्हणाली. "त्याचं नावच मायनस थ्री आहे. नाव आख्खं पाळण्यात जातं." तिनं उणे तीनला कंस घातला. "मग तीट मायनसला पण. मायनस इंटू मायनस प्लस. नाइन."

"आणि उणे आधीच बाहेर असेल, आणि एक्स नुसता तीन?"

"मग मायनस पाळण्याच्या बाहेर उभाय. त्याला तीट नाही. मायनस नाइन."

दादानं पुन्हा अंगठ्यानं पान काढलं. जुळलं. "पाळणा? कसला पाळणा?" तो म्हणाला.

"विचारू नका," वहिनी म्हणाली, "आत्या-भाचीचं आहे ते."

दादा झोपायला गेला नाही. दिवेलागणीपर्यंत तो कागदावर गणितं लिहीत होता आणि इरा सोडवत होती. मी दोनदा चहा केला. दुसऱ्या वेळी त्यानं कप घेताना पायानं एक खुर्ची बाहेर सरकवली. बस असं म्हणाला नाही. मी थोडा वेळ उभी राहिले आणि मग बसले.

शनिवारी रीटेस्टला शाळेची बस येत नव्हती, म्हणून मी इराला सिटी बसनं घेऊन गेले. गेटच्या आत मोठ्यांना सोडत नव्हते. मी वाकून तिच्या कानाला तोंड लावलं आणि म्हटलं, "आधी पाळणा बघ." ती गेटच्या आत गेली, परत धावत बाहेर आली आणि माझ्या पाठीत एक धपाटा घालून गेली. बारशाची गोष्ट मी तिला शंभरदा सांगितली होती. तिथं उभ्या असलेल्या दुसऱ्या आया माझ्याकडे बघत राहिल्या. मी तीन तास समोरच्या भिंतीच्या सावलीत बसले, आणि सावली सरकली तशी मीही सरकत गेले.

मंगळवारी निकाल लागला. पासला लागतात त्याहून दोनच गुण जास्त. दोन! इरा घरभर नाचली. मी ओट्याला धरून उभी होते. मला रडायचं होतं, पण वहिनीच आधी रडली. दादानं कागद दोनदा वाचला, घडी करून खिशात घातला आणि "बरं झालं" एवढंच म्हणाला. माझ्याबद्दल काही नाही. तीन दिवस काही नाही. तो स्कूटरवाला फोटो टीव्हीखालच्या खणात होता, मी फडकं मारायच्या निमित्तानं रोज बघत होते.

शुक्रवारी दादानं गावाकडे फोन लावला. आई फोनवर ओरडून बोलायची, दुबई लांब आहे म्हणून, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. दादा म्हणाला, "आई, त्या इचलकरंजीवाल्यांना नको म्हणून सांग. मंगल इथंच राहील."

"का रं? पोरगी पास झाली म्हणतोस न्हवं? मग हिचं काय काम तिथं?"

"गणित शिकवते इराला."

"कोण? आपली मंगी?" आई हसायला लागली. "चौथीतून काढलेली ती! ती काय शिकवणार?"

मी पिठाचे हात घेऊन दारात उभी होते. दादानं माझ्याकडे बघितलं. इराच्या जन्माच्या वर्षी मला शाळेतून का काढलं, हे त्या घरात आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि आम्ही कधी बोललो नव्हतो. आई पलीकडून हॅलो हॅलो करत होती.

"ते फोनवर नाही सांगता यायचं, आई," दादा म्हणाला. "समोर बसून समजून घ्यावं लागतं. मीपण बसलो होतो."